आयरिश पारंपरिक संगीताचा अल्बम: सेट बांधण्यापासून स्वतः प्रकाशित करेपर्यंत

आयरिश पारंपरिक संगीताच्या अल्बमची गोष्ट निघाली, की पहिला प्रश्न येतो तो माइक कुठला घ्यायचा याचा. माइकला महत्त्व आहेच, पण असे अल्बम सहसा माइकमुळे फसत नाहीत. सलग चार सेट एकाच गतीचे निवडले जातात. पारंपरिक समजून घेतलेल्या धुनीचा रचनाकार अगदी अलीकडेपर्यंत हयात होता, हे पुस्तिका छापायला गेल्यावर कळतं. किंवा मेट्रोनोमच्या ठोक्यावर वाजवल्यामुळे रीलमधला, म्हणजे जलद नृत्यधुनीतला, नाचच निघून जातो. म्हणून इथे रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधीच्या कामाला बरीच जागा दिली आहे. दोन ते चार वादक, एक बरी खोली, चार ते आठ माइक आणि स्वतःच्या खर्चाने तीन-पाचशे सीडी काढायची तयारी, एवढं गृहीत धरलं आहे.

सेट बांधा, मिनिटं मोजा

आयरिश नृत्यधुनीची बांधणी ठरलेली असते. आठ बारचा (बार म्हणजे ठोक्यांचा एक ठरावीक गट) पहिला भाग दोनदा, आठ बारचा दुसरा भाग दोनदा, असे ३२ बार झाले की एक फेरी पूर्ण होते. अशा दोन किंवा तीन धुनी न थांबता एकापाठोपाठ वाजवल्या की त्याचा सेट होतो आणि अल्बमवर एक सेट म्हणजे एक ट्रॅक.

बारला दोन ठोके धरून मिनिटाला ११० ठोक्यांच्या चालीने रील वाजवली, तर एका फेरीला सुमारे ३५ सेकंद लागतात. म्हणजे दोन रील प्रत्येकी तीन फेऱ्या, किंवा तीन रील प्रत्येकी दोन फेऱ्या, हे दोन्ही साडेतीन मिनिटांत बसतं. तीन धुनी तीन-तीन फेऱ्या घेतल्या तर सव्वापाच मिनिटं होतात. नाचणाऱ्यांसाठी ते ठीक, पण घरी ऐकणाऱ्याला तेवढा वेळ धरून ठेवायचा तर वाजवण्यात तितके बदल हवेत. ११५ च्या चालीच्या जिगची (जिग हा दुसरा नृत्यप्रकार) फेरी साधारण ३३ सेकंदांची असते. काही रीलचे भाग दोनदा न वाजवता एकदाच घेतात, त्यांची फेरी १६ बारांतच संपते. काही जिग चार-पाच भागांच्याही असतात. त्यामुळे अंदाजावर राहू नका. प्रत्येक सेट घड्याळ लावून एकदा वाजवा आणि वेळ लिहून ठेवा.

बारा ट्रॅक आणि एकूण ४० ते ४५ मिनिटं हा चांगला बेत आहे. त्यात पंचवीस ते तीस धुनी येतात. चार-पाच रीलचे सेट, तीन जिगचे, एक स्लिप जिग, एक हॉर्नपाइप आणि एक-दोन स्लो एअर, म्हणजे संथ, नाचाविना वाजवायच्या धुनी, अशी वाटणी बहुतेकांना जमते. पोल्का आणि स्लाइड हे कॉर्क आणि केरीच्या सीमेवरच्या श्लीव्ह लूख्रा भागाचं वैभव आहे, तर हायलँड आणि माझुर्का डोनेगलचं. त्या वादनाशी तुमचं नातं असेल तर ते जरूर घ्या. नुसत्या विविधतेसाठी घेतलेला पोल्का जाणकाराला पहिल्या आठ बारांत कळतो.

सेटमध्ये धून बदलते तो क्षण सर्वात मोलाचा असतो, आणि तो उठून दिसतो पट्टी बदलल्यामुळे. जी वरून ए वर, किंवा डी मेजरवरून ई डोरियनवर गेलं की ऐकणाऱ्याला जमिनीवरून उचलल्यासारखं वाटतं. तिन्ही धुनी डी मध्येच असतील तर तो उठाव येत नाही. प्रत्येक सेटसाठी एक कागद करा: सुरुवात कोण करणार, साथ कितव्या फेरीत येणार, कुठल्या फेरीत एकच वाद्य राहणार, शेवट कुठल्या सुरावर. हे आधी ठरलं नाही तर स्टुडिओचे तास त्यावरच्या चर्चेत जातात.

प्रत्येक धुनीचं मूळ शोधा

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण याच्यातच या परंपरेबद्दलचा आदर दिसतो, आणि कायद्याची बाजूही इथेच सांभाळली जाते. धुनींचा एक तक्ता करा. रकाने असे: तुम्हाला माहीत असलेलं नाव, इतर नावं, प्रकार, पट्टी, कोणाकडून शिकलात, सर्वात जुनं छापील रूप कुठे आहे, रचनाकार, त्याच्या मृत्यूचं वर्ष.

जुन्या छापील रूपासाठी पहिला आधार म्हणजे शिकागोचे पोलिसप्रमुख फ्रान्सिस ओ'नील यांचे संग्रह. त्यांच्या १९०३ च्या संग्रहात १,८५० धुनी आहेत आणि १९०७ च्या नृत्यधुनींच्या संग्रहात १,००१. त्यानंतर ब्रेंडन ब्रेनाख यांची १९६३ पासून निघालेली संकलनं पाहा. डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमधलं आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्ह १९८७ पासून ध्वनिमुद्रणं, हस्तलिखितं आणि पुस्तकं जपतं आहे. तिथे बसून ऐकता येतं आणि बरंच साहित्य त्यांच्या संकेतस्थळावरही आहे. नावच आठवत नसेल, तर वाजवलेली धून ओळखणारं ट्यूनपाल हे अ‍ॅप उपयोगी पडतं. पण त्याचं उत्तर हा नुसता धागा समजा. एकाच धुनीला पाच नावं असतात आणि एकाच नावाच्या पाच धुनी असतात.

खरा धोका अशा धुनींचा, ज्या सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकींत, इतक्या मुरल्या आहेत की त्या कोणी रचल्या हेच लोक विसरले. कॅव्हनमध्ये जन्मलेले आणि फिलाडेल्फियात राहिलेले एड रीव्ही (१८९८–१९८८), टिपरेरीचे अकॉर्डियनवादक पॅडी ओ'ब्रायन (१९२२–१९९१), क्लेअरचे ज्युनिअर क्रीहन (१९०८–१९९८) यांच्या रचना जगभर पारंपरिक म्हणून वाजतात. पूर्व गॉलवेचे पॅडी फाही २०१९ मध्ये गेले. ते आपल्या धुनींना नावंच देत नसत, म्हणून त्या सगळ्या 'पॅडी फाहीची रील' किंवा 'पॅडी फाहीची जिग' अशाच ओळखल्या जातात.

आयर्लंडमध्ये आणि सगळ्या युरोपीय संघात रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतो. म्हणजे रीव्हींच्या धुनी २०५८ च्या अखेरीपर्यंत आणि क्रीहन यांच्या २०६८ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहेत. याउलट १७३८ मध्ये वारलेले हार्पवादक टर्लो ओ'कॅरोलन यांच्या रचना मोकळ्या आहेत. भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे, पण अल्बम युरोपात विकला जाणार असेल तर ७० चाच हिशोब धरा.

धुनीचं नाव सापडलंच नाही तर आयरिश अल्बमवर 'गन अनिम', म्हणजे निनावी, असं छापायची पद्धत आहे. ते लिहिण्यापूर्वी निदान तीन जाणकार वादकांना धून ऐकवा. निनावी म्हणून छापलेली धून उद्या कोणाची तरी निघाली, तर पैशांपेक्षा नात्याचं नुकसान मोठं असतं. हे वर्तुळ लहान आहे.

रचनाकार हयात असेल तर परवाना लागो न लागो, आधी त्याला फोन करा. धून वाजवायची इच्छा आहे आणि तुम्ही ती कशी वाजवता, हे सांगितल्यावर बहुतेक वेळा आनंदाने होकार मिळतो, आणि नावामागची गोष्टही मिळते.

परवाना छपाईच्या आधी

संरक्षित धुनी अल्बमवर असतील तर प्रती काढायच्या हक्काचा परवाना आयर्लंडमध्ये एमसीपीएसआय या संस्थेकडून घ्यावा लागतो. किती प्रती, कुठल्या धुनी, प्रत्येकीची लांबी, रचनाकार हे सगळं त्या अर्जात भरायचं असतं, म्हणून वरचा तक्ता. सीडी छापणारे कारखाने हा परवाना मागतात आणि त्यावाचून काम अडतं. छपाईच्या निदान महिनाभर आधी अर्ज टाका. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी थेट विक्री करताना रचनांचे हक्क सांभाळायची जबाबदारी विकणाऱ्याचीच असते, हेही लक्षात ठेवा.

सोबत वाजवणाऱ्या पाहुण्या वादकांशी एक पानाचा लेखी करार करा: ठरावीक मानधन की विक्रीत वाटा, नाव कसं छापायचं, ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाची. मित्र आहेत म्हणून हे टाळू नका. मित्र आहेत म्हणूनच ते लिहून ठेवायचं.

खोली निवडताना

लाकडी जमिनीची, पुस्तकांनी आणि पडद्यांनी भरलेली, पाच बाय सहा मीटरच्या आसपासची आणि उंच छताची खोली या संगीताला फार छान बसते. छोट्या चौकोनी खोलीत बाउरॉन (हातात धरून काठीने वाजवायचं आयरिश चर्मवाद्य) आणि अकॉर्डियनचे खर्जाचे सूर घुमतात. दगडी चर्चमध्ये स्लो एअर सुंदर वाटते, पण तिथे रीलच्या झटपट सुरांचा चिखल होतो.

खोलीत एकटे उभे राहून दोन मिनिटं नुसतं ऐका. फ्रिज, तेलावरचा बॉयलर, भिंतीवरचं घड्याळ, पत्र्यावरचा पाऊस. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे घरी जाताना तो परत चालू करायला विसरणार नाही. खुर्च्या कुरकुरणाऱ्या नकोत, हातांच्या तर अजिबात नकोत.

पायाच्या ठेक्याचा निर्णय आधी घ्या. बरेच वादक ठेका धरल्याशिवाय वाजवूच शकत नाहीत आणि त्यांना थांबवलं की वादन आखडतं. ठेका हवा असेल तर तो लाकडी फळीवर नीट येऊ द्या. नको असेल तर बूट काढून पायाखाली जाड गालिचा घाला आणि माइकच्या स्टँडखाली फोमचे तुकडे. अर्धवट, लांबून ऐकू येणारा ठेका मात्र मिक्समध्ये काढता येत नाही.

हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. इलन पाइप्सची (भात्याने हवा भरायची आयरिश बॅगपाइप) वेताची रीड तिच्याशी फार संवेदनशील असते, आणि बाउरॉनचं बकऱ्याचं कातडं दमट हवेत सैल पडतं, कोरड्या उष्ण हवेत ताणलं जातं. हीटर आदल्या दिवसापासून एकाच तापमानाला ठेवा. वाद्यं निदान दोन तास आधी खोलीत आणून पेटीबाहेर काढून ठेवा.

सूर कोणाशी जुळवायचा

जे वाद्य बदलता येत नाही, त्याच्याशी. अकॉर्डियन आणि कॉन्सर्टिना (दोन्ही हातांत धरायचं छोटं भात्याचं वाद्य) यांच्या धातूच्या पट्ट्यांचा सूर ठरलेला असतो, पाइप्स आणि लाकडी फ्लूट यांचा थोडाच हलतो. फिडल (म्हणजे व्हायोलिन), बुझुकी (लांब मानेचं तंतुवाद्य), गिटार, बँजो यांनी त्यांच्यामागे जायचं. पाइप्स तापेपर्यंत, म्हणजे वीस-तीस मिनिटं वाजवेपर्यंत, कोणीही अंतिम सूर लावू नये.

पाइप्सच्या बाबतीत एक गोष्ट मराठी वाचकाला चटकन कळेल. त्यांच्या ड्रोनचा, म्हणजे सतत एकच सूर देणाऱ्या नळ्यांचा, अखंड डी हा तानपुऱ्याच्या षड्जासारखा असतो, आणि चांगला पाइपर त्यावर एफ शार्प लावतो तो शुद्ध गंधाराच्या जागी, हार्मोनियमच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली. आता गिटारवाल्याने त्याच क्षणी पूर्ण डी मेजर कॉर्ड वाजवला तर त्याचा गंधार वर राहतो आणि दोन्ही सूर एकमेकांना घासतात. गिटार डी-ए-डी-जी-ए-डी असं लावण्यामागे आणि बुझुकी जी-डी-ए-डी लावण्यामागे हाही एक मोठा फायदा आहे: षड्ज-पंचमाची मोकळी साथ देता येते आणि गंधार धुनीवरच सोडता येतो. साथीदाराला हे आधीच सांगा.

पाइप्स आणि फिडलवर सी आणि सी शार्प यांच्या मधला सूर मुद्दाम लावला जातो. तो चूक नसतो. सूर सुधारणारं सॉफ्टवेअर त्याला कुठल्या तरी एका बाजूला ओढतं आणि रोल, क्रॅन यांसारख्या अलंकारांचाही चुरा करतं. या संगीतावर ते वापरू नका.

माइक: वाद्यागणिक

फिडल: रिबन माइक किंवा मोठ्या पडद्याचा कंडेन्सर, वाद्याच्या ६० ते ९० सेंमी वर, घोडीच्या थोडा पुढे रोखलेला. जवळ आणला की गजाची खरखर वाढते. जुन्या पॅसिव्ह रिबन माइकला ५५ ते ६५ डेसिबल गेन (आवाजाची वाढ) लागतो आणि त्याच्या वाहिनीवरचा फँटम पुरवठा, म्हणजे केबलमधून माइकला जाणारी वीज, बंद हवी.

फ्लूट: तोंडाच्या उंचीच्या थोडं वर, ४० सेंमीवर, फुंकरीच्या रेषेच्या बाजूला. थेट समोर ठेवला तर फुंकर माइकवर आदळते. श्वास घेण्याचा आवाज राहू द्या, तो लयीचाच भाग असतो.

टिन व्हिसल: आवाज मुखाजवळच्या खिडकीतून आणि उघड्या भोकांतून येतो, खालच्या टोकातून नाही. ५० सेंमीवरून मधल्या भागाकडे रोखा. वरचं सप्तक टोचतं, म्हणून मवाळ माइक निवडा.

इलन पाइप्स: एक माइक चँटरसमोर (धून वाजवायच्या नळीसमोर) ५० सेंमीवर, दुसरा वादकाच्या उजव्या मांडीवरून आडव्या गेलेल्या ड्रोनकडे. भाता उजव्या हाताखाली असतो, त्याची कुरकुर ड्रोनच्या माइकवर येते. तो माइक थोडा पुढे सरकवला की कमी होते. चँटर गुडघ्यावर टेकतो तिथे चामड्याची पट्टी असते, ती नीट बसली नसेल तर हवा फसफसते.

बटन अकॉर्डियन: दोन माइक, उजव्या बाजूला ५० सेंमीवर, डाव्या बाजूला त्याहून थोडा लांब. भाता उघडतो तेव्हा डावी बाजू माइकच्या दिशेने येते, त्याची जागा ठेवा.

कॉन्सर्टिना: इथे चूक हमखास होते. या वाद्याच्या दोन्ही टोकांतून आवाज येतो आणि सप्तकातले सूर दोन्ही हातांत वाटलेले असतात. दोन टोकांना दोन माइक लावून ते डावी-उजवीकडे पसरले, की धून टेनिसच्या चेंडूसारखी इकडून तिकडे उडते. समोर ८० सेंमीवर एकच माइक ठेवा, किंवा दोन ठेवून पसरवणं अगदी कमी ठेवा.

बाउरॉन: काठीच्या बाजूने ४० सेंमीवर एक कंडेन्सर, मागून हाताजवळ एक डायनॅमिक. मागच्या माइकचं ध्रुवत्व उलटवून ऐका आणि ज्यात खर्ज भरदार लागतो ते ठेवा. बँजोला घोडीपासून २५ सेंमीवर साधा डायनॅमिक पुरतो. गिटार आणि बुझुकीसाठी छोट्या पडद्याचा कंडेन्सर, मानेवरच्या बाराव्या फ्रेटकडे, ३० सेंमीवर.

सगळे एका खोलीत बसणार असतील, आणि तसंच बसावं, तर आवाजाची गळती जागेनेच आवरायची. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारे, माइक असतील तर दोघांनी समोरासमोर बसावं, म्हणजे एकाच्या माइकची पाठ दुसऱ्याकडे येते. आठच्या आकड्याच्या पॅटर्नचे रिबन असतील तर ते पुढून आणि मागून सारखंच ऐकतात, बाजूने बहिरे असतात. तिथे शेजारी-शेजारी बसा. दोन माइकमधलं अंतर हे माइक आणि त्याच्या वाद्यामधल्या अंतराच्या तिप्पट असावं: ६० सेंमीला १८० सेंमी. शिवाय खोलीच्या मध्यात १७ सेंमी अंतर आणि ११० अंशांचा कोन ठेवून दोन माइकची एक जोडी लावा. अनेकदा अंतिम मिक्सचा कणा हीच जोडी ठरते.

टेक घेताना

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वात मोठा सूर उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. वादक तालमीपेक्षा टेकमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्ड होणाऱ्या वादनात, जोरात वाजवतात.

क्लिक, म्हणजे हेडफोनमधला मेट्रोनोमचा ठोका, लावू नका. रीलमधले अष्टमांश सूर कागदावर सारखे असले तरी वाजवताना जोडीतला पहिला किंचित लांबतो, आणि किती लांबतो हे गावागणिक आणि वादकागणिक बदलतं. तीच लयीची चाल असते. क्लिकमुळे वादक एकमेकांना ऐकायचं सोडून यंत्राला ऐकायला लागतात. त्याऐवजी टेकच्या आधी मेट्रोनोम दहा सेकंद ऐका, बंद करा आणि सुरू करा. टेकच्या शेवटी पुन्हा मोजा. ११० ला सुरू झालेला सेट ११३ ला संपला तर बिघडत नाही. ११८ ला संपला तर पुन्हा घ्या.

प्रत्येक सेटचे तीन पूर्ण टेक, मग चहा, मग लागला तर चौथा. सातव्या-आठव्या टेकला बोटं बरोबर असतात आणि जीव गेलेला असतो. दिवसाला तीन ते चार सेट पुरे. म्हणजे बारा ट्रॅकला चार दिवस, आणि एक दिवस राखीव. रील सकाळी उशिरा, बोटं मोकळी झाल्यावर घ्या. स्लो एअर संध्याकाळी, एकट्याने, बाकीच्यांना खोलीबाहेर पाठवून. प्रत्येक टेकनंतर लगेच कागदावर लिहा: कुठल्या फेरीचा कुठला भाग चांगला, कुठे घसरलं. दोन टेकच्या मध्ये सूर लावला असेल तर तेही लिहा, कारण ते दोन टेक जोडताना सांधा ऐकू येतो.

शेवटचा सूर विरेपर्यंत कोणीही हलायचं नाही. खुर्ची सरकवल्यामुळे उत्तम टेकचा शेवट कापावा लागणं फार सामान्य आहे.

जोडकाम आणि मिक्स

दोन टेक जोडायची जागा म्हणजे नव्या भागाचा पहिला ठळक सूर. त्या सुराच्या अगदी आधी, ५ ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक टेक विरत असताना दुसरा वर येणं. खोलीचा घुमारा आधीच्या टेकमधला असतो, तो ठळक सुराच्या आघाताखाली झाकला जातो. सुराच्या मध्यावर जोडलं की शेपूट तुटल्यासारखी ऐकू येते. पाइप्सचे ड्रोन अखंड चालू असल्याने तिथे सांधा लपवणं सर्वात अवघड, म्हणून पाइप्सच्या सेटसाठी एक तरी संपूर्ण टेक तसाच वापरता येईल असा घ्या.

खर्ज कापताना वाद्याचा सर्वात खालचा सूर ओळखा. फिडलचा खालचा जी १९६ हर्ट्झचा, तिथे १०० च्या खालचं काढलं तरी चालतं. फ्लूटचा खालचा डी २९४ हर्ट्झचा आणि टिन व्हिसलचा त्याच्या दुप्पट, सुमारे ५८७ चा, तिथे १५० पर्यंत जा. पाइप्सचा बास ड्रोन मात्र ७३ हर्ट्झवर असतो, तिथे ५० च्या वर कापलंत तर ड्रोनचा पायाच जाईल. अकॉर्डियन आणि व्हिसल २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये बोचतात, तिथे एक-दोन डेसिबल उतरवा. बाउरॉन ऐकू येण्यापेक्षा जाणवला पाहिजे. कंप्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारं साधन) लावलाच तर २:१ आणि दोन-तीन डेसिबलपुरता. घुमारा नृत्यधुनींना सुमारे एक सेकंद, स्लो एअरला दोन.

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, ज्याने मिक्स केलं त्याने करू नये, ताजे कान हवेत. स्पॉटिफाय आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणारा जोर मोजायचं एकक) आसपास आणून ठेवतं, म्हणून त्याहून जोरात मास्टर करण्यात काही कमाई नाही. शिखर उणे १ डेसिबलवर थांबवा. सीडीसाठी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची डीडीपी प्रत (कारखान्याला द्यायची सीडीची मूळ फाइल) मागा. स्लो एअरनंतर रील लागणार असेल तर मध्ये चार सेकंद तरी शांतता ठेवा.

पुस्तिका

आयरिश अल्बमची पुस्तिका लोक खरोखर वाचतात, आणि आजही सीडी विकली जाते ती बऱ्याच अंशी तिच्यामुळे. प्रत्येक ट्रॅकखाली धुनींची नावं, प्रकार, कोण काय वाजवतं आणि धून कोणाकडून आली हे तीन-चार ओळींत लिहा. 'एका जुन्या टेपवरून' एवढंच लिहू नका. कोणाची टेप, कुठली, हे माहीत असेल तर सांगा. स्लायगोचे फिडलवादक मायकेल कोलमन यांनी १९२१ ते १९३६ या काळात न्यूयॉर्कमध्ये तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या भरल्या, आणि त्यांनी लावलेल्या जोड्या आजही त्याच क्रमाने वाजतात. तुमचा सेट तिथून आला असेल तर ते ऋण छापा. आठ ते बारा पानं पुरतात. अक्षर आठ पॉइंटपेक्षा लहान नको.

क्रमांक, नावं, नोंदणी

प्रत्येक ट्रॅकला १२ अक्षरांचा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रण ओळखायचा क्रमांक, लागतो. आयर्लंडमध्ये तो पीपीआय ही संस्था देते, भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री. स्ट्रीमिंगवर अल्बम पोहोचवणारे वितरकही देतात, पण स्वतःचा घेतला तर वितरक बदलला तरी हिशोब तुमच्याच हातात राहतो. एका ध्वनिमुद्रणाला एकच क्रमांक, सीडी असो वा स्ट्रीमिंग.

नोंदणीत हे नीट समजून घ्या: ध्वनिमुद्रण म्हणजे सेट, रचना म्हणजे एकेक धून. इम्रो या आयरिश रचनाकारांच्या हक्कसंस्थेकडे प्रत्येक धून वेगळी नोंदवा. जुनी असेल तर 'पारंपरिक' आणि मांडणी तुमची, संरक्षित असेल तर रचनाकाराचं नाव. सगळ्या धुनी 'पारंपरिक' म्हणून टाकल्या तर हयात रचनाकाराचे पैसे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. वादकांचे रेडिओवरचे पैसे राप ही संस्था गोळा करते, तिथे कोण कुठल्या ट्रॅकवर वाजलं याची यादी द्यावी लागते.

स्ट्रीमिंगवर सेटचं नाव धुनींमध्ये तिरकी रेघ देऊन लिहा. आयरिश नावांवरचे उच्चारचिन्ह सगळीकडे सारखे ठेवा. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही असं झालं, तर एकाच वादकाची दोन पानं तयार होतात. वितरकाने यूट्यूबच्या कंटेंट आयडीचा पर्याय दिला तर तो बंद ठेवा. हजारो लोक याच धुनी वाजवतात, आणि यंत्र त्यांच्या व्हिडिओंवर तुमचा दावा ठोकतं.

छपाई, वाटप आणि तारीख

तीनशेपर्यंत प्रती हव्या असतील तर सीडी-आरवर नक्कल, पाचशेच्या पुढे काचेच्या मास्टरवरून छपाई परवडते. प्लास्टिकच्या डबीऐवजी पुठ्ठ्याचं पाकीट घ्या, टपालात फुटत नाही. मुखपृष्ठाची फाइल ३००० बाय ३००० पिक्सेल. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेतं, आणि या संगीताचे श्रोते तिथे सढळ हाताने विकत घेतात. स्ट्रीमिंगला वितरकामार्फत चार आठवडे आधी पाठवा.

खर्चासाठी आयर्लंडच्या आर्ट्स कौन्सिलच्या पारंपरिक कलांच्या योजना पाहा. शिवाय प्रत्येक कौंटीत स्थानिक परिषदेचा कला अधिकारी असतो. अर्जासोबत दोन ट्रॅकचा चांगला नमुना लागतो, म्हणून ते दोन सेट आधी रेकॉर्ड करून घ्या.

तारीख निवडताना उन्हाळ्याकडे पाहा. क्लेअरमधल्या मिलटाउन मालबे इथे १९७३ पासून दर जुलैच्या सुरुवातीला विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं. ऑगस्टमध्ये कोल्तस या पारंपरिक संगीताच्या संस्थेचा फ्ला ख्योल हा महोत्सव असतो. जून अखेरीस सीडी हातात असेल तर दोन्हीकडे विकता येते, आणि तिथे दहा मिनिटांच्या सेशननंतर जितक्या प्रती जातात तितक्या जाहिरातीने जात नाहीत. छपाई लांबते, म्हणून मास्टर मार्चमध्ये तयार ठेवा.

रेडिओसाठी आयरिश भाषेतलं रेडिओ ना गेलताख्ता, आयर्लंडच्या सार्वजनिक प्रसारक आरटीईच्या रेडिओ वनचे पारंपरिक संगीताचे कार्यक्रम आणि कौंट्यांची स्थानिक केंद्रं यांना सहा आठवडे आधी पाठवा. सोबत एक पान: प्रत्येक सेटमधल्या धुनी, लांबी, वादक, आणि निवेदकाला वाचता येईल असा दोन ओळींचा परिचय. तीन मिनिटांच्या आसपासचे दोन ट्रॅक ठळक खूण करून सुचवा. सहा मिनिटांचा सेट कितीही सुंदर असला तरी कार्यक्रमात बसत नाही.

एनिसमधल्या कस्टीजसारख्या पारंपरिक संगीताच्या दुकानांना थेट पत्र लिहा, पाच-दहा प्रती विक्रीवर ठेवायला द्या. दोन प्रती मेरियन स्क्वेअरच्या आर्काइव्हला पाठवा, पुस्तिकेसकट. तुमच्या धुनींचा तक्ताही सोबत द्या. कुठली धून कोणाकडून आली ही माहिती त्यांना ध्वनिमुद्रणाइतकीच हवी असते. आणि ज्यांच्याकडून धुनी शिकलात त्या प्रत्येकाला एक प्रत प्रकाशनाच्या आधी, स्वतः नेऊन द्या.